टॉवेलप्रमुख

“भर दुपारी, अगं. मी स्वतः काचेतून बघितलं. कंपाउंडरकाका सरळ आडवे. डोळे मिटलेले. बाजूला चारपाच माणसं नुसती उभी. एकीने तर वाकून त्यांच्या नाकासमोर बोट धरलं. आणि मग काय झालं...”

इथे लिफ्टचं दार बंद झालं.

बोलत होती आमची इस्त्रीवाली, फोनवर, आपल्या बहिणीशी. मी जिन्याच्या वळणावर कचऱ्याचा डबा घेऊन उभी होते. चोरून ऐकत नव्हते. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते बसवत होते. (झाकण लिफ्टजवळच नीट बसतं, असा माझा अनुभव आहे.) लिफ्ट वर निघाली तशी मीही डब्यासकट वर निघाले. आमची लिफ्ट म्हातारी आहे, पण माझ्याइतकी नाही, त्यामुळे मी तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा इस्त्रीवाली कपड्यांचं गाठोडं काखेत मारून शांतपणे बेल वाजवत होती. फोन पिशवीत गेला होता.

“कोणाशी बोलत होतीस?” मी धाप लागलेली न दाखवता विचारलं.

“बहिणीशी.”

“काय म्हणते?”

“बरी आहे.” तिने माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. “कचरा खाली टाकतात ना?”

“हो,” मी म्हटलं आणि परत खाली गेले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की, काकांना काय झालं म्हणून. ते शक्य नव्हतं. कारण काकांना काय झालं हे इमारतीत सगळ्यात आधी मला माहीत असायला हवं होतं. मी टॉवेलप्रमुख आहे.

हे पद काय आहे ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात काका न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. घरात एकटेच. सकाळी पडलेले, कोणाला कळलं संध्याकाळी, तेही नळ वाहतोय म्हणून खालच्या घरातले भांडायला वर गेले तेव्हा. माणूस वाचला, पण आम्हा सगळ्यांना आपापल्या घरात बसून लाज वाटली. चाळीस वर्षं ज्या माणसाने डॉक्टरांच्या दवाखान्यात आमच्या पोराबाळांची औषधं ढवळली, त्याला प्यायला पाणी आहे की नाही हे बघायला कोणी नव्हतं. मग आम्ही एक मंडळ काढलं. उन्हाळ्यात इमारतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची देखरेख करायची. अध्यक्ष झाल्या डबलबेल वहिनी. (त्या कुणाचीही बेल दोनदा वाजवतात. पहिली आपल्यासाठी, दुसरी आपण अजून का उठलो नाही यासाठी.)

टॉवेलची कल्पना माझी. मी नववीपर्यंतच शिकले, पण डोकं काही नववीत थांबलं नाही. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने थोड्या थोड्या वेळाने टॉवेल भिजवून गॅलरीच्या कठड्यावर टाकायचा. त्याने खोलीत गारवा येतो, आणि समोरून बघणाऱ्यालाही कळतं. ठिबकता टॉवेल म्हणजे माणूस ठीक. कोरडा टॉवेल म्हणजे जाऊन दार वाजवा. काका समोरच्या विंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांची गॅलरी आमच्या स्वयंपाकघरातून दिसते, म्हणून तो टॉवेल माझ्याकडे आला. मी मान थोडी तिरकी केली की इतर घरंही दिसतात, पण ते पदाशिवाय.

लिफ्टमध्ये माझ्याच अक्षरात सूचना लावली आहे. बारा ते चार घराबाहेर पडू नये. डोके झाकावे. पाणी जवळ ठेवावे. घाई करू नये. ही सूचना पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. काकांचा मुलगा दूरच्या शहरात असतो. मागच्या वेळी तो वडिलांना न्यायलाच आला होता, नवीकोरी सुटकेस घेऊन. काका नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, त्या घरात बायको गेली, त्या घरात मीही जाईन, मधल्या वेळात मला उगाच हलवू नका.  शेवटी ठरलं, आणखी एक उन्हाळा बघायचा. सुखरूप गेला तर काका इथेच. काही झालं तर घर बंद करून मुलाकडे. मुलगा गेला, पण सुटकेस नेली नाही. काकांच्या कपाटावर ठेवून गेला. “राहू दे,” म्हणाला, “लागेल.”

ती तिथेच आहे. काका म्हणतात, रात्री दिवा मालवला तरी ती दिसते.

आणि जाताना मुलगा मला म्हणाला होता, “ताई, माझा तुमच्यावर भरवसा आहे. फक्त खरं सांगत जा.”

तर अशा परिस्थितीत काका भर दुपारी कुठेतरी काचेपलीकडे आडवे झाले होते, लोकांनी नाकासमोर बोट धरलं होतं, आणि टॉवेलप्रमुख घरात वाटाणे सोलत होती.

मी ठरवलं, कोणाला काही विचारायचं नाही. फक्त जरा लक्ष ठेवायचं. एवढंच. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी लिंबूपाणी घेऊन मी काकांकडे गेले. दार त्यांनी स्वतः उघडलं. चेहरा टवटवीत होता. मला तेच खटकलं.

“काका, बरं आहे ना?”

“बरं आहे की.”

“काल दुपारी?”

“काल दुपारी तर फारच बरं होतं.”

“चक्कर वगैरे?”

“कोणाला?”

“सहज विचारते. आडवं पडावंसं वाटतं का?”

“या वयात आणखी काय वाटणार?”

“आणि डोळे? आपोआप मिटतात?”

“आडवं पडल्यावर मिटतात, अगं. तुझे उघडे राहतात का?”

लपवत होते, हे स्पष्ट होतं. ते पेला ठेवायला वळले आणि मला त्यांची पाठ दिसली. शर्टावर, खांद्याच्या खाली, एक छोटा चकचकीत स्टिकर चिकटला होता. मी चष्मा वर करून वाचला. “पाच वर्षांची गॅरंटी. उन्हात ठेवू नये.”

मी पेला तिथेच सोडून घरी आले.

आमचे हे वजनकाट्यावर कारकून आहेत. सकाळची पाळी करून दुपारी घरी येतात आणि उरलेला दिवस पेपर वाचतात. मी त्यांना सगळं सांगितलं. काका पडले, कोणीतरी त्यांना दवाखान्यात नेलं, आणि आत काहीतरी मशीन बसवून गुपचूप घरी आणून सोडलं.

“हे कशावरून?”

“पाठीवर गॅरंटी आहे.”

“माणसावर कोण गॅरंटी देतं?”

“माणसावर नाही हो, मशीनवर.”

“मग स्टिकर बाहेर का?”

“आत कसा चिकटवणार?”

ह्यांनी जरा विचार केला. “हे मात्र बरोबर आहे,” म्हणाले आणि पान उलटलं.

घरातून मान्यता मिळाल्यावर मला धीर आला. मी फक्त डबलबेल वहिनींना सांगितलं. तेही अध्यक्ष म्हणून, आणि कोणाला सांगू नका असं बजावून. वहिनींनी ते अक्षरशः पाळलं. त्यांनी कोणा एकाला सांगितलं नाही. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून इमारत बदलली. काका दिसले की लोक मोबाइल बंद करून मागे लपवू लागले, कारण मशीनला मोबाइल चालत नाही, असं कोणीतरी कुठेतरी वाचलं होतं. काकांच्या खालच्या घरात मिक्सर लावणं बंद झालं. ते लिफ्टमध्ये शिरले की आतले बाहेर येत. मग लिफ्टच त्यांच्यासाठी धोक्याची ठरली (वीज असते), आणि ते खाली पेपर आणायला उतरले तेव्हा दोन धट्टेकट्टे शेजारी त्यांना खुर्चीत बसवून सगळे मजले चढून वर घेऊन आले. काका हात मांडीवर ठेवून पार्सलासारखे बसले होते. प्रत्येक वळणावर मी म्हणत होते, “सावकाश, हिसका नको.”

वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, “हे कशासाठी, अगं?”

मी त्यांचा हात धरला. “काका, आम्हाला सगळं कळलंय.”

काकांचा चेहरा एकदम उतरला. खरंच उतरला, मी बघितला. कालचा सगळा टवटवीतपणा गेला.

“कोणी सांगितलं?”

“ते जाऊ दे.”

“मुलाला?”

“अजून नाही.”

त्यांनी कपाटावर बघितलं. मीही बघितलं. सुटकेसवर धुळीचा एक कण नव्हता. म्हणजे ते रोज पुसत असावेत. “त्याला सांगू नकोस,” ते हळूच म्हणाले. “त्याला कळलं तर ती खाली येईल. मी काही वाईट केलेलं नाही, गं. मला फक्त इथेच राहायचंय.”

मी म्हटलं, नाही सांगणार. आता यात वाईट काय केलं, मशीन बसवणं हा काय गुन्हा आहे, असं माझ्या मनात आलं होतं. पण माणूस रडवेला झाला असताना असल्या बारीकसारीक गोष्टी विचारायच्या नसतात. एरवी मी विचारतेच.

त्याच रात्री जेवताना मुलाचा फोन. “ताई, दोन दिवस सुट्टी मिळालीय. मी उद्या संध्याकाळी येतोय. बाबा ठीक आहेत ना?”

घास माझ्या हातातच राहिला. समोर आमचे हे, त्यांच्यामागे खिडकी, खिडकीपलीकडे काकांची गॅलरी.

“टॉवेल ठिबकतोय,” मी म्हटलं. ते खरं होतं.

“वा,” तो म्हणाला. “तुमच्यामुळे मला झोप लागते.”

मला मात्र त्या रात्री लागली नाही. आमच्या ह्यांना लागली.

सकाळी डबलबेल वहिनींनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. विषय एकच, काकांच्या मुलाला सांगायचं की नाही. बैठक लांबली, कारण मुद्दा संपल्यावरही लोक बोलत होते. घरी येऊन मी ओट्याशी उभी राहिले. दुपारचं ऊन असं होतं की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. काकांचा टॉवेल ठिबकत होता. मी भाजी निवडली. टॉवेल ठिबकत होता. आमचे हे आले, जेवले, पेपर घेऊन बसले. टॉवेल ठिबकतच होता.

मी आमच्या खिडकीत धुतलेलं फडकं टाकलं होतं. ते पापडासारखं वाळून खाली पडलं.

“अहो,” मी म्हटलं, “एवढ्या उन्हात टॉवेल किती वेळ ठिबकतो?”

“भिजवला तेवढा.”

“काका गॅलरीत आलेलेच दिसले नाहीत.”

“तू वाटाण्यांकडे बघत असशील.”

“मी वाटाण्यांकडे कधी बघते?” यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला हे माहीत असतं.

काकांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे खिळ्याला असते. मी ती घेतली आणि गेले. बेल वाजवली, हाका मारल्या, शेवटी दार उघडलं. आत भट्टी होती. वरच गच्ची, गच्चीवर ऊन, आणि ते सगळं ऊन छतातून झिरपून खोलीत उतरलेलं. गादीला हात लावला तर चटका बसला. काका खोलीत नव्हते. न्हाणीघरात नव्हते. (तिथे मी डोळे मिटून गेले, मग एक उघडला.) कपाटावर सुटकेस होती, खाली काका नव्हते.

गॅलरीत गेले. कठड्यावर टॉवेल. टॉवेलच्या वर, कपडे वाळत घालायच्या दांडीला, वाळत टाकलेल्या सदऱ्याआड उलटी टांगलेली दवाखान्यातली सलाईनची बाटली. बाटलीला नळी, नळीला ते छोटं चाक, ज्याने थेंब कमीजास्त करतात. टप. जरा वेळाने टप. टॉवेलला सलाईन लावलं होतं.

 माझी पद्धत, माझं पद, माझं अख्खं मंडळ त्या नळीतून थेंब थेंब खाली जात होतं.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. मुलगा.

“ताई, लवकर निघता आलं. बसमधून उतरलो आत्ताच. पोचतोच आहे. बाबा काय करताहेत?”

“झोपलेत,” मी म्हटलं. आयुष्यात खोटं मी सहसा बोलत नाही. पण तेव्हा बोलले, असं मला वाटलं.

“झोपू दे. मी आल्यावरच उठवू.”

फोन काकांच्या गॅलरीतच ठेवून मी धावले. काका हरवले होते, त्यांच्यात मशीन होतं, मशीन उन्हात ठेवायचं नव्हतं आणि ऊन बाहेर पेटलेलं होतं. इस्त्रीवालीचं एकच वाक्य माझ्या डोक्यात होतं. काचेतून बघितलं. म्हणजे काच असलेली जागा. मी मागच्या बाजाराच्या रस्त्याला लागले. छत्री नव्हती, डोक्यावर पदर नव्हता, पाणी नव्हतं. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात काकांची. लिफ्टमधली सूचना मी ओळीने मोडत चालले होते. एकही ओळ सोडली नाही.

पहिली काच चष्म्याच्या दुकानाची. आत फक्त चष्मे होते, सगळे माझ्याकडे बघत. दुसरी काच केशकर्तनालयाची. तिथे एकजण आडवा होता आणि डोळे मिटलेले होते, पण तोंडाला साबण होता आणि साबण पुसल्यावर तो वेगळाच निघाला. तिसऱ्या काचेत मला एक लालबुंद, केस पिंजारलेली, खुळ्यासारखी दिसणारी बाई दिसली. मला तिची दया आली. मग कळलं की ती काच नाही, आरसा आहे.

चौथी काच मोठी होती. आत पांढराशुभ्र पलंग, पलंगावर कंपाउंडरकाका सरळ आडवे. डोळे मिटलेले, हात छातीवर. बाजूला चारपाच माणसं गप्प उभी. एक बाई वाकून त्यांच्या नाकासमोर बोट धरून होती.

“काका,” मी म्हटलं. म्हणजे म्हणणार होते. रस्ता एकदम वर आला, दुकान खाली गेलं, आणि नंतरचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी ढगात होते. गार वारा होता, पाठीखाली मऊ मऊ काहीतरी होतं, आणि वर काकांचा चेहरा होता. मला वाटलं आम्ही दोघंही गेलो. काका आधी गेल्यामुळे तिथे ओळख करून घेऊन बसले असावेत.

“घोट घोट घे,” काका म्हणाले. “घाईने नको. मीठसाखर बरोबर आहे, मी स्वतः ढवळलंय.” त्यांनी माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवला, पायांखाली उशा सरकवल्या आणि जमलेल्यांना सांगितलं, “वारा येऊ द्या. काही नाही, ऊन लागलंय. दुपारचं फिरू नये एवढं साधं कळत नाही माणसांना.”

मी शेजारी बघितलं. आणखी एक पलंग. त्यापलीकडे आणखी एक. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, “पाच वर्षांची गॅरंटी.”

गाद्यांचं दुकान होतं.

दुकानाची मालकीण, तीच बोटवाली, माझ्याकडे वाकून बघत होती. “या तुमच्या नात्यातल्या का, काका?”

“शेजारीण. माझी देखरेख करते.”

“अच्छा,” गादीवाली म्हणाली. त्या एका शब्दात तिने किती दाबून ठेवलं ते मला ऐकू आलं.

मी उठून बसले. “काका, तुमचं मशीन?”

“कसलं मशीन?”

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळा सुरू झाल्यापासून काका रोज इथे येत होते. ऊन चढायच्या आत निघायचे, डोक्याला ओला पंचा, हातात छत्री, सावलीसावलीने. एकदा ते उशी घ्यायला आले, गादीवर टेकले आणि गारव्यात तिथेच झोपले. गादीवाली उठवायला गेली, तर दोन गिऱ्हाइकं म्हणाली, राहू द्या, आम्हाला हीच गादी दाखवा. तेव्हापासून ठरून गेलं. काकांनी दुपारी तिथे झोपायचं. लोक थांबून बघायचे. अशी गाढ झोप कोणाला लागलेली त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

“पण नाकासमोर बोट?” मी विचारलं.

“ते मी रोज बघते,” गादीवाली म्हणाली. “फार शांत झोपतात हो. मला भीती वाटते.”

“आणि तुम्ही मला सांगितलं का नाही, काका? टॉवेलला सलाईन लावून ठेवलंत?”

काकांनी रुमाल पिळला. “काय सांगू? त्या खोलीत दुपारी बसवत नाही म्हणून सांगितलं तर तो म्हणणार, मग चला माझ्याकडे. घर ठेवायचं असेल तर दुपारी घराबाहेर पडावं लागतं, गं. आणि बाहेर पडायला तुझी बंदी. लिफ्टमध्येच लिहिलंयस.”

“पण मी खिडकीत असते. मला कधी दिसला नाहीत?”

“तू भाजी निवडायला खाली बसलीस की मी निघतो. तू चहा टाकलास की परत येतो. फार नेमाची आहेस. काल तेवढं सगळ्यांनी मला घेरून ठेवलं, निघताच आलं नाही. आज मात्र सोपं गेलं, सगळे माझ्यावरच्या बैठकीला गेले होते.” त्यांनी पुन्हा रुमाल माझ्या कपाळावर ठेवला. “वरून तुझं स्वयंपाकघर स्वच्छ दिसतं.”

 इतकी वर्षं मी त्या खिडकीत उभी आहे, पण खिडकीला पलीकडूनही बाजू असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं. काकांनी दुकानातून आमच्या घरी फोन केला होता, त्यामुळे आमचे हे आले होते. मागे, इमारतीच्या दारातच त्यांना भेटलेला काकांचा मुलगा, खांद्याला पिशवी, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

ह्यांनी मला गादीवर बसलेली बघितलं. “कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“आता बरी आहे.”

“मी गादीचं विचारलं.”

मुलाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो वडिलांकडे बघत होता. काका त्याच्यासमोर उभे होते, हातात पेला आणि चमचा, शाळेत पकडलेल्या मुलासारखे.  मला कपाटावरची सुटकेस डोळ्यांसमोर दिसत होती.

“बाबा, तुम्ही इथे काय करताय?”

“औषध ढवळतोय,” काका म्हणाले.

“दुपारचं? बाहेर?”

काकांनी पेल्यात चमचा फिरवला. मग मी बोलले. मी म्हटलं, “चूक माझी आहे. मी तुम्हाला झोपलेत म्हणून सांगितलं, ते मला खोटं वाटत होतं. पण ते खरोखरच झोपलेले होते.” हे बोलताना माझं मलाच ते नीट कळलं नाही, तर त्याला काय कळणार.

“घरी फार तापतं रे,” काका म्हणाले. “इथे गार असतं. आणि...” ते थांबले. “घरी मला सगळे बघायला येतात. इथे माझ्याशी बोलायला येतात. कोणाची पाठ दुखते, कोणाला झोप लागत नाही. मला विचारतात. बऱ्याच दिवसांनी कोणी काही विचारतंय. तू म्हणत असशील तर येतो तुझ्याकडे. पण मला उचलून न्यावं लागलं म्हणून नाही येणार. आज बघ, मी चांगला उभा आहे. आडवी ती आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर नीट केला.

मुलगा हळूच पलीकडच्या गादीच्या काठावर टेकला. रात्रभर बसमध्ये बसून आला होता. “बाबा, मला तुम्हाला न्यायची हौस नाही,” तो म्हणाला. “मला तिथे रात्री झोप लागत नाही. फोन वाजला की वाटतं, झालं. रोज वाटतं. मी फक्त...”

पुढचा शब्द आला नाही. आम्ही वाट बघितली. मग काकांनी वाकून त्याच्या नाकासमोर बोट धरलं.

“झोपला,” ते म्हणाले, आणि त्याचे बूट काढून ठेवले.

दोन गिऱ्हाइकांनी त्याच गादीची चौकशी केली.

संध्याकाळी उठल्यावर मुलाने आधी बूट चढवले. मग म्हणाला, “बाबांना इथेच राहू दे.” जाताना त्याने कपाटावरची सुटकेस खाली काढली आणि बरोबर नेली. रिकामीच. काकांनी मात्र ती जागा ओल्या फडक्याने दोनदा पुसली.

मंडळाचंही नव्याने ठरलं. इमारतीतले सगळे म्हातारे आता सकाळी लवकर गाद्यांच्या दुकानात जातात. सोबतीला पाळीने कोणीतरी असतं, सगळ्यांकडे छत्री आणि पाणी. गादीवालीची तक्रार एवढीच आहे की डबलबेल वहिनींच्या सासूबाई घोरतात आणि त्या गादीकडे कोणी फिरकत नाही. लिफ्टमधली सूचना काकांनी नव्याने लिहिली. त्यांचं अक्षर औषधाच्या बाटलीवरचं असल्यामुळे ती कोणाला वाचता येत नाही, पण सगळे पाळतात.

आणि मुलाने जाण्याआधी मंडळापुढे एक विनंती ठेवली. म्हणाला, बाबांची काळजी मिटली, पण ताईंचं काय? त्या भर उन्हात दोन वेगळ्या चपला घालून फिरतात, हे कोणी बघणार आहे की नाही? मंडळाने एकमताने ठराव केला. (आमच्या ह्यांचंही मत धरून.) तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक टॉवेल असतो. तो ठिबकतोय की नाही, हे कंपाउंडरकाका वरून बघतात. दुकानात जाण्याआधी आणि आल्यावर. माझं पद गेलं, टॉवेल तेवढा राहिला.

परवा मी डबा घेऊन जिन्यात होते. झाकण बसत नव्हतं. लिफ्टपाशी इस्त्रीवाली फोनवर बोलत होती.

“भर दुपारी, अगं. मी स्वतः काचेतून बघितलं. टॉवेलबाई सरळ आडव्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं. माणसं बघायला जमलेली. आणि मग काय झालं, त्यांना ती गादी एवढी आवडली की...”

दार बंद झालं.

हे अर्धंच खरं आहे. आडवी मी होते, डोळेही मिटलेले होते, तोंडाचं मला माहीत नाही. पण गादी आम्ही घेतली नाही. उशी घेतली, तीही ह्यांना. हे तिला सांगायला मी डब्यासकट वर धावले, पण लिफ्ट तळमजल्याला गेली होती. मग खाली धावले, तर ती वर निघून गेली होती. असं दोनदा झालं.

घरापाशी पोचले तेव्हा दारात डबलबेल वहिनी होत्या, मागे ते दोन धट्टेकट्टे शेजारी खुर्ची घेऊन, आणि सगळ्यात पुढे काका, हातात मीठसाखरेचा पेला. आतून आमचे हे पेपर बाजूला करून बघत होते.

“टॉवेल कोरडा पडलाय,” काका म्हणाले. “कुठे होतीस?”

“जिन्यात.”

“एवढ्या उन्हात जिन्यात काय करत होतीस?”

“झाकण बसवत होते,” मी म्हटलं आणि गुमान खुर्चीत बसले.